दाखल्याशिवाय अनुभव टाइप होणार नाही

वरचं वाक्य माझं आहे. नवी पेठेतल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात, पंख्याच्या बटणांशेजारी, एका पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून मी ते चिकटवलं होतं. गिऱ्हाईक खुर्चीवर टेकण्याआधी त्याची नजर तिथे जावी अशी जागा मुद्दाम निवडली होती. या वाक्याचा मला वर्षानुवर्षं अभिमान होता. यंदा तो उतरला. कसा उतरला ते लिहून ठेवावं, म्हणजे माझ्यामागे कुणी माझ्याबद्दल फार बरं बोलणार नाही, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचा धंदा आता संपल्यात जमा आहे, म्हणून आधी तो सांगतो. टायपिस्टचं काम टाइप करणं, असं लोकांना वाटतं. कोर्टाच्या कागदांपुरतं ते खरं. पण नोकरीच्या अर्जासाठी येणारा माणूस मजकूर घेऊन येत नसे, तो नुसता स्वतःच येत असे. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गुणपत्रिका, वरच्या खिशात पासपोर्ट फोटो. "बायडाटा काडायचाय," म्हणायचा आणि पुढे गप्प. काय लिहू विचारलं की उत्तर ठरलेलं असे: "तुमीच लिवा काय ते. तुमाला म्हाईत की." मग त्या गप्प माणसाला मी एका पानात बसवायचो. वर नाव, खाली सही, मधे शिक्षण, अनुभव, भाषा, छंद. इंग्रजीत. तो वाचायचा नाही, कारण बहुतेकांना ते वाचता येत नसे आणि मलाही वाचून दाखवायला वेळ नसे. मी बोट ठेवायचो तिथे तो सही करायचा.

सुरुवातीला टाइपरायटर होता, नंतर कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरबरोबर आमच्या धंद्याची एक खोड आली. नवं पान कोण करत बसणार? कालच्या माणसाची फाइल उघडायची, नाव बदलायचं, शिक्षण बदलायचं, प्रिंट मारायची. त्यामुळे सोलापुरातल्या एका पिढीचा छंद वाचन आणि क्रिकेट आहे. तो मूळचा कुणाचा छंद होता, मला आठवत नाही.

याच खोडीने एकदा फजिती केली. लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा बायोडाटा एकाच मशीनवर व्हायचे. साखर कारखान्यातल्या क्लार्कच्या जागेसाठी एकाचा अर्ज मी घाईत लग्नाच्या फाइलवरून केला. खालच्या चार ओळी पुसायच्या राहिल्या. मुलाखतीत साहेबाने त्याला विचारलं म्हणे, की मुलगी नोकरी करणारी चालेल हे ठीक, पण कारखान्याशी पत्रिका जुळवायची कशी? पोराला नोकरी मिळाली. पुढे लग्नाचा बायोडाटा काढायला तो माझ्याकडेच आला, आणि खुर्चीच्या मागे उभा राहून शेवटची ओळ होईपर्यंत हलला नाही.

ही हसण्यावारी गेली. दुसरी गेली नाही. एका माणसाने बॉयलरवर काम केल्याचं सांगितलं, मी टाइप केलं. त्या दिवसांत पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मी दुकानाचं नाव टाकत असे, जाहिरात म्हणून. त्याला एका सूतगिरणीत काम लागलं, आणि त्याला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नाही हे लगेच उघड झालं. गिरणीचे अधिकारी तो कागद घेऊन थेट दुकानात आले. दुकान भरलेलं होतं. त्यांनी तळाची ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "बॉयलर फुटला असता तर खाली तुमचंच नाव होतं, पाठक."

त्या संध्याकाळी मी तळाची ओळ काढून टाकली आणि पुठ्ठा चिकटवला.

तेव्हापासून मी प्रत्येकावर संशय घेऊ लागलो. अनुभव म्हटलं की दाखला मागायचा. दाखला मिळाला की तो ट्यूबलाइटसमोर धरून शिक्का खरा आहे का बघायचं. लेटरहेडवर फोन नंबर असला तर लावून बघायचा. आणि दाखला नसला तर त्या जागी एकच शब्द, इंग्रजीत: निल. म्हणजे निरंक. गिऱ्हाइकं हसायची. काका शंभराची नोटसुद्धा एवढी निरखत नाहीत, असं म्हणायची. आमच्या घरी तर अजून टोमणा आहे. मी देवळातून आलो की बायको, नलिनी, विचारते, "दाखवला का देवाने दाखला, की हात न जोडताच आलात?"

पण नाव झालं. पाठकांच्या दुकानात खोटं टाइप होत नाही, असं लोक म्हणत. ते ऐकलं की माझी मान ताठ व्हायची.

दुकान बंद होऊन काही वर्षं झाली. आता आम्ही जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगा-सून पुण्याला, फ्लॅटची राखण आमच्याकडे. कॉम्प्युटर मी घरी आणला. बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी काही छापायला, भरायला येत असतं. यंदा उन्हाळ्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, सुनंदाबाई आल्या.

सुनंदाबाई म्हणजे नलिनीचे ब्लाऊज शिवणाऱ्या. मागच्या गल्लीत राहतात, माहेर सांगोल्याकडचं. दिवसा गणवेश शिवण्याच्या युनिटमध्ये मशीनवर, संध्याकाळी घरी ब्लाऊज आणि फॉल-पिको. आम्ही इथे आल्यापासून आमच्या दारात येत होत्या, पण माझा त्यांच्याशी संबंध "काकू हायत का?" आणि "आहेत" एवढाच. त्या दिवशी त्यांनी काकूंना विचारलं नाही.

त्यांचं युनिट बंद पडलं होतं. मालक सगळं विकून हैदराबादला निघून गेला. मानेचं दुखणं आधीपासून होतंच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मान खाली घालून काम करायचं आता बंद, नाहीतर हात बधिर होईल. आणि शिवणाऱ्या बाईला दुसरं कुठलं काम येतं? एवढ्यात शहराबाहेर गणवेशाचा नवा कारखाना निघाला. तिथे लाइन सुपरवायझरच्या जागा होत्या. मशीनवर बसायचं नाही, रांगेतून फिरायचं, मुलींकडून काम करून घ्यायचं. सुनंदाबाईंना तेवढी एकच जागा उरली होती जिथे त्यांचं शिवण उपयोगी पडणार होतं आणि मान वाचणार होती. अर्ज मात्र ऑनलाइन, त्याला रेझ्युमे जोडायचा, आणि तोही रविवारच्या आत.

"काका, पोरगी म्हनती मोबाइलवर फुकट हुतंय," त्या म्हणाल्या. "पर तुमी बघा म्हनलं. मोबाइलवर कोन बसलंय काय म्हाईत."

हे ऐकून मला त्या एकदम आवडू लागल्या.

मी कॉम्प्युटर लावला. फुकट रेझ्युमे करून देणाऱ्या साइट किती आहेत याची मला कल्पना होती, पण खोलात कधी शिरलो नव्हतो. पहिल्या साइटने दारातच मोबाइल नंबर मागितला, मग ईमेल, मग जन्मतारीख. आमच्या दुकानात माणूस आधी खुर्चीवर बसायचा, मग नाव सांगायचा. इथे खुर्ची दिसायच्या आधी सगळं सांगायचं. मी सुनंदाबाईंचा नंबर दिला नाही, माझा दिला. ते बरंच झालं, कारण पुढे आठवडाभर मला विम्याचे, कर्जाचे आणि परदेशी नोकरीचे फोन येत होते. अर्धा तास बसून आम्ही नाव, गाव, शिक्षण भरलं. पान सुरेख दिसत होतं, डाव्या बाजूला निळा पट्टा, वर गोल फोटो. डाऊनलोडचं बटण दाबलं आणि साइटने पैसे मागितले. करणं फुकट होतं, घेऊन जाणं फुकट नव्हतं. पैसेही एकदाच नाहीत, दर महिन्याला कापले जाणार, असं तळाशी बारीक अक्षरांत होतं. तळाशी बारीक अक्षरांत काय लिहितात ते मला कुणी शिकवायला नको.

दुसऱ्या साइटवर मी शहाणा झालो. नुसतं नाव भरून आधी शेवटपर्यंत जाऊन आलो. फाइल खरंच हातात पडते का ते पाहिलं. पडली. वाचकांपैकी कुणाच्या घरात कुणी असं काही करत असेल तर एवढं जरूर सांगा: आधी रिकाम्या हाताने शेवटचं दार उघडून बघा, मग आपलं सामान आत न्या. आणि आधार नंबर, घराचा पूर्ण पत्ता असलं काही मागितलं तर देऊ नका. नोकरी देणाऱ्याला पहिल्या दिवशी त्याची गरज नसते.

या साइटवर कौशल्यांचा एक रकाना होता. कौशल्य लिहायचं आणि त्यापुढे एक पट्टी ओढून किती टक्के ते दाखवायचं. मी 'शिवणकाम' लिहिलं, पट्टी आपोआप ऐंशीवर जाऊन थांबली. सुनंदाबाई पुढे वाकल्या.

"ऐंशी टक्के म्हंजी काय काका? बाही लावायची ऱ्हायली का?"

नलिनी आतून हसली. मी पट्टी शंभरावर नेली तर म्हणाल्या, "आता तर लईच झालं." शेवटी तो रकानाच काढला. पुढे मुलाला फोनवर विचारलं तेव्हा तोही म्हणाला, की असल्या पट्ट्या आणि रंगीत रकाने नकोच. मोठ्या कंपन्यांत आलेले रेझ्युमे आधी कॉम्प्युटर वाचतो आणि रंगाढंगात त्याला मजकूर सापडत नाही. म्हणजे एक कॉम्प्युटर लिहिणार, दुसरा वाचणार. माणूस मधे कशाला, तर फोन नंबरापुरता.

पण खरा संशय यायचा अजून बाकी होता. वरच्या बाजूला 'स्वतःबद्दल' असा रकाना होता आणि शेजारी एक चांदणी. ती दाबली की साइट स्वतःच लिहून देते. मी दाबली. डोळ्यांदेखत इंग्रजी ओळी उमटल्या. सुनंदाबाईंनी काय आलं विचारलं म्हणून मी मराठीत सांगत गेलो: ध्येयनिष्ठ आणि परिणामकेंद्री व्यावसायिक, गतिमान वातावरणात संघाचं नेतृत्व करण्याचा सिद्ध अनुभव, अमुक टक्के उत्पादनवाढ साध्य. 'अमुक'च्या जागी मोकळी चौकट होती. टक्के आपण भरायचे.

त्या नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ही कोन बाई?"

मला फार बरं वाटलं. आयुष्यभर ज्याच्याशी भांडलो तोच हा बॉयलरवाला, आता चांदणी होऊन बसलाय. मी खुर्ची फिरवून त्यांना छोटंसं भाषण दिलं. म्हटलं, बघा, खोट्याचा कारखाना आहे हा. यंत्राला लाज नसते. आमच्या वेळी असं नव्हतं. मी पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली, गिरणीच्या साहेबांची सांगितली, आणि शेवटी म्हणालो, "माझ्या दुकानातून एक खोटं अक्षर बाहेर गेलं नाही."

सुनंदाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. आवाज चढला नाही की पडला नाही.

"गेलं की काका," त्या म्हणाल्या. "माजं गेलं."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मी ते माझ्या शब्दांत लिहितो, कारण त्यांच्या शब्दांत लिहिण्याचा हक्क मी तेव्हाच गमावला.

लग्न होऊन त्या नुकत्याच सोलापुरात आल्या होत्या. दिवसभर ठेकेदाराचे परकर शिवायच्या आणि दुपारी गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवायच्या. एका महिला संस्थेत शिवण शिकवणारी बाई हवी होती. कुणीतरी म्हणालं, नवी पेठेत पाठकांकडे जा, तिथला कागद खरा मानतात. त्या आल्या. मी अनुभव विचारला. त्यांनी ठेकेदाराचं सांगितलं, मुलींचं सांगितलं, मुलींपैकी दोघी आता स्वतः शिवून पोट भरतात हेही सांगितलं. मी म्हणालो, दाखला आहे का? परकरांचा ठेकेदार दाखला देत नाही आणि गल्लीतल्या मुली तर नाहीच देत. मी मान वर न करता टाइप केलं. बोट ठेवलं, त्यांनी सही केली.

"तितं एक म्याडम हुत्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "समद्यांम्होरं म्हनल्या, बाई, हितं तर निल लिवलंय, मग आलात कशाला? मला वाटलं, कायतरी कागद ऱ्हायला. भाईर आले आन शिपायाला इचारलं, निल म्हंजी काय ओ? त्यो म्हनला, शून्य."

नलिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने मला सावरून घेतलं नाही. तिचंही बरोबरच होतं.

मला ती बाई आठवेना. खरं सांगायचं तर हेच सगळ्यात जास्त लागलं. बॉयलरवाला मला त्याच्या शर्टाच्या रंगासकट आठवतो. दाखला नसलेल्या बायकांपैकी मात्र एकही आठवत नाही. विडी वळणाऱ्या, पापड-शेवया करून विकणाऱ्या, घरीच आजारी माणसांची सेवा करून नर्सच्या हाताखालच्या कामाला अर्ज करणाऱ्या. किती आल्या असतील. सगळ्यांच्या पुढे एकच शब्द. ज्याने मला फसवलं तो एक पुरुष होता, आणि त्याची भरपाई मी या बायांकडून करून घेतली. खोटं लिहायचं नाही म्हणून मी शून्य लिहिलं. ते खरं आहे का, हे ट्यूबलाइटसमोर धरून कधी पाहिलं नाही.

मी विचारलं, "मग आता माझ्याकडे का आलात?"

"दुसऱ्या कुनाचं म्हाईत न्हाई, काका. तुमी वाडवून लिवत न्हाई हे तरी म्हाईत हाय. कमी लिवता तेवडं सांगून घ्यावं म्हनलं." मग कॉम्प्युटरकडे बघत, "आन आता तुमाला घरी वेळ हाय."

संस्थेत ती जागा त्यांना मिळालीच असती असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण मिळाली असती तर त्या इतकी वर्षं उभ्या राहून शिकवत राहिल्या असत्या. त्याऐवजी त्या मशीनवर बसल्या, आणि मान गेली.

आम्ही चांदणी बंद केली. फुकट मिळणारा एक साधा नमुना घेतला, एका रकान्याचा, पांढऱ्यावर काळा. आणि मी माझ्या धंद्यात कधीही न विचारलेला प्रश्न विचारला. अनुभव किती, असं विचारलं नाही. सकाळी युनिटमध्ये गेल्यावर पहिलं काय करायचात, असं विचारलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, पहिलं मास्तर, म्हणजे काम वाटून देणारा मुकादम, आलाय का बघायचं. बहुतेक आलेला नसायचा. मग कापलेल्या मालाचे गठ्ठे त्या वाटायच्या. कुणाला कॉलर, कुणाला खिसा, कुणाला बाही. ज्या पोरीचा हात सरळ तिला कॉलर, जी नवी तिला खिसा. नवीन पोरीला पहिले दिवस जुन्या कागदावर बिनधाग्याची मशीन चालवायला लावायच्या, म्हणजे कापड वाया जात नाही. जूनच्या आधी शाळांची घाई असायची तेव्हा कुठला गठ्ठा आधी काढायचा ते त्याच ठरवायच्या. माल परत आला तर कुणाच्या हातचा ते शिलाई बघून ओळखायच्या आणि मालकापुढे त्या पोरीचं नाव घ्यायच्या नाहीत, बाजूला घेऊन उसवायला लावायच्या. हे सगळं कोणत्या हुद्द्यावर, असं विचारलं तर म्हणाल्या, हुद्दा कसला, मशीनवालीच की.

मी लिहीत गेलो. एक एक ओळ इंग्रजीत करायची, मराठीत वाचून दाखवायची, त्यांनी मान डोलावली की पुढे. ही पद्धत मी पंचाहत्तरीला आल्यावर शिकलो. त्यांनीही सूट दिली नाही. 'संपूर्ण विभाग सांभाळला' अशी एक ओळ माझ्या हातून गेली, ती त्यांनी अडवली. "विभाग न्हाई काका, एक लाइन. आन मास्तर नसला तरच." मी खोडलं. मास्तर गैरहजर असताना, असं घातलं. 'नसला तरच' हे इंग्रजीत फार दुबळं दिसतं असं मला वाटलं, पण ते त्यांचं होतं. छंद विचारला तर म्हणाल्या, झोप. तो रकाना आम्ही गाळला.

शेवटी एक जागा राहिली. रेफरन्स, म्हणजे ओळख सांगणारा माणूस. आजकाल तिथे 'मागितल्यास देऊ' असं लिहितात. मालक हैदराबादला, मास्तर फोन उचलत नव्हता. मी पाहत बसलो. सगळ्या हयातीत मी कुणाच्या कागदावर जामीन राहिलो नव्हतो. तळाचं दुकानाचं नावसुद्धा काढून टाकलेला माणूस मी.

नलिनी म्हणाली, "घाला की स्वतःचं. की आधी तिच्याकडून दाखला हवाय?"

मी माझं नाव आणि फोन नंबर टाकला. तळाशी, पण बारीक अक्षरांत नाही.

अर्ज रविवारी दुपारी गेला. पुढच्या आठवड्यात मला एक फोन आला. आधी मी विमावाला समजून कापणार होतो. कारखान्याच्या ऑफिसातून एक तरुण मुलगी बोलत होती, घाईत पण नम्र. तुम्ही सुनंदा मॅडमचे रेफरन्स का, म्हणाली. त्या तुमच्याकडे कामाला होत्या का? नाही. तुम्ही गारमेंटमध्ये होतात का? नाही, टायपिंगचं दुकान होतं. पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला. मला तो आवाज चांगला ओळखीचा आहे. माणसावर संशय आला की बोटं थांबतात.

"सर, त्यांच्या अनुभवाचा काही दाखला आहे का तुमच्याकडे?"

माझाच प्रश्न, माझ्याच सुरात. बाल्कनीत सुनंदाबाईंनी शिवलेला नलिनीचा ब्लाऊज वाळत होता. तो काही फोनवर दाखवता येत नाही.

"नाही," मी म्हणालो. "बऱ्याच वर्षांपूर्वी त्या माझ्याकडे आल्या होत्या. अनुभव होता, दाखला नव्हता, म्हणून मी तो लिहिला नाही. शून्य लिहिलं. चूक माझी होती. तुम्ही त्यांना बोलवा, एक दिवस लाइनवर उभं करा, आणि मग काय लिहायचं ते लिहा."

पलीकडे बोटं पुन्हा चालू झाली. मग ती म्हणाली, "ओके सर, नोट करते." काय नोट केलं देव जाणे. फोन ठेवल्यावर मला वाटलं, मी सुनंदाबाईंचं नुकसानच केलं. म्हातारा भ्रमिष्ट दिसतोय, असंही लिहिलं असेल.

त्यांना बोलावलं. एक दिवस उभं केलं, मग तीन महिने चाचणीवर ठेवलं. चाचणी दसऱ्याच्या आधी संपली आणि त्यांना कायम केलं. त्यात माझ्या कागदाचा वाटा किती, फोनचा किती आणि त्यांच्या त्या एका दिवसाचा किती, हे टक्क्यांत सांगणाऱ्या पट्टीवर माझा विश्वास नाही.

आता बाकीच्यांचं. नवी पेठेत माझ्या दुकानातून ज्यांच्या कागदावर अनुभवापुढे निरंक गेलं, त्यांच्यापैकी कुणी किंवा कुणाची मुलं हे वाचत असतील, तर त्यांना एवढंच सांगायचं आहे की तो शेरा तुमच्या कामावर नव्हता. मी विचारलंच नव्हतं. ज्यांना अजून कागद लागतो त्यांनी यावं, मला वेळ आहे. दुकान बंद केल्यापासून जपून ठेवलेला तो पुठ्ठा गादीखालून काढून मी रद्दीत दिला. साइटवरचा संशय मात्र मी सोडलेला नाही आणि सोडणार नाही. ती चांदणी मला अजून पटत नाही. फक्त आता मला वाटतं, तिला माणूस दिसत नाही म्हणून ती फुगवते. मला तर समोर खुर्चीवर दिसत होता.

परवा सुनंदाबाई दिवाळीचे ब्लाऊज घेऊन आल्या. स्वतः शिवत नाहीत आता, गल्लीतल्या एका मुलीकडून शिवून घेतात आणि फक्त तपासतात. चहा घेताना त्यांनी कारखान्यातली गोष्ट सांगितली. मशीनवर घ्यायच्या मुलींची निवड होती, साहेबांनी यांनाही बसवलं होतं. अक्कलकोटकडची एक पोरगी मोबाइलवरून काढलेला रंगीत रेझ्युमे घेऊन आली. निळा पट्टा, गोल फोटो, शिवणकाम नव्वद टक्के.

"मी इचारलं तिला, ऱ्हायलेलं धा टक्के कुटलं गं?"

पोरगी घाबरली. रडकुंडीला आली. मग खरं बोलली, की ते मोबाइलनेच लिहिलंय, कॉलर येत नाही, बाही येत नाही, फक्त सरळ शिलाई येते.

मी पुढे सरकलो. "मग?"

"मग घेतलं की."

"खरं बोलली म्हणून," मी म्हणालो. मला ते वाक्य फार आवडलं होतं. लेखाचा शेवट सापडला असं वाटलं.

सुनंदाबाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे, मला वाटतं, थोडी कीव केल्यासारखं पाहिलं.

"न्हाई काका. हातात कापड दिलं, मशीनवर बसिवलं. सरळ शिलाई येती तिला, म्हून."